मिरवणुकीत मूल अचानक गप्प झालं तर

सांगलीत संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी. ढोल-ताशे, गर्दी, गुलाल, आणि कडेवर तुमचं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल. त्यानं कान दाबले, किंचाळलं, तर सगळ्यांनाच कळतं. फसगत होते ती गप्प झालेल्या मुलाबाबत. “बघा, किती शहाण्यासारखं बसलंय!” म्हणून आत्या कौतुक करते, आणि मूल हाकेला ओ देत नसतं. नजर एका जागी, अंग ढिलं किंवा ताठ, एरवी येणारे शब्दही बंद. हा हट्ट नव्हे, आवाज-उजेड सहन होण्यापलीकडे गेलेत.

त्याआधी बहुतेकदा खुणा दिसतात: कॉलर चावणं, चवड्यांवर चालणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा. आपल्या मुलाची खूण कोणती ते हेरा आणि तेव्हाच शांत गल्लीत वळा. गप्प झालंच, तर प्रश्न नकोत, “माझ्याकडे बघ” तर नकोच. पाणी जवळ ठेवा, थांबा. घट्ट मिठी काहींना हवी असते, काहींना अजिबात नको. सावरायला तासही लागू शकतो; नातेवाईक ताटकळले तर ताटकळू देत.

मात्र शांत घरातही मूल काही सेकंद असं थिजत असेल, तर ती फिट असू शकते. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.