जुनी डिझेल गाडी वापरताय? खर्चाच्या या चुका टाळा

माझ्याकडे २०१२ ची स्विफ्ट डिझेल आहे, २०२१ मध्ये घेतली तेव्हा मीटरला ९२ हजार होते, आता दीड लाखावर गेलीय. सांगली-पुणे महिन्यातून दोनदा तरी होतंच, वर घरचं थोडंफार फिरणं. पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली, गाडीवर गेलेला प्रत्येक रुपया तिच्यात लिहिला. हे सगळं सांगायचं कारण असं की माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांनी गेल्या दोन वर्षांत जुनी डिझेल घेतली आणि त्यातल्या तिघांनी वर्षाच्या आत विकली, "डिझेल परवडत नाही" म्हणून. पण त्यांचं ऐकत गेलो तसं लक्षात आलं की गाडीपेक्षा हिशोबच चुकला होता.

फक्त अ‍ॅव्हरेज बघून गाडी घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. डिझेल स्वस्त, अ‍ॅव्हरेज जास्त, म्हणजे गाडी स्वस्त, असं आपण धरून चालतो. पूर्वी ते बऱ्यापैकी खरं होतं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून बाहेर आले त्याआधी पेट्रोल आणि डिझेलमधला फरक मोठा असायचा. आता आपल्याकडे तो लिटरमागे साधारण १३-१४ रुपयांवर आलाय.

जरा आकडा मांडून बघू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरा, पेट्रोल गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेल १८ चं. महिन्याला १००० किलोमीटर फिरलात तर पेट्रोलला ६९०० च्या आसपास जातात, डिझेलला ५०५०. म्हणजे महिन्याला साडेअठराशे, वर्षाला २२ हजार वाचले. चांगले पैसे आहेत. पण तुमचं फिरणं महिन्याला ४०० किलोमीटरच असेल, ऑफिस आणि भाजी मंडई, तर वर्षाला ९ हजार वाचणार आणि डिझेलची सर्व्हिस पेट्रोलपेक्षा महाग असते त्यातच त्यातले निम्मे गेले, मग एखादं मोठं काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत एका दिवसात संपते. म्हणून खर्च लिटरमागे मोजू नका, किलोमीटरमागे मोजा, आणि त्यात सगळं धरा.

माझी वही सांगते, चार वर्षांत ५८ हजार किलोमीटर झाले. डिझेल सोडून गेले १ लाख ९० हजार. त्यात सात सर्व्हिसिंगचे ४२ हजार, विम्याचे ३०, टायर १८, सस्पेन्शन १९, क्लच १३, एसीचं काम ११, बॅटरी ६, नोझलचं प्रकरण ३४ (ते खाली सांगतो) आणि बाकी किरकोळ १७ हजार. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन रुपये, आणि डिझेलचे ४ रुपये ८० पैसे. एकूण ८ रुपये. गाडी घेताना मी डोक्यात फक्त ४ रुपये ८० पैसे धरले होते, उरलेले सव्वातीन कुठून आणायचे याचा विचारच केला नव्हता. आता दर महिन्याला ३५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो, काम निघालं की तिथूनच काढायचे. तेव्हापासून गाडीचा राग यायचा बंद झाला.

तपासणी न करता पार्ट बदलत सुटणं

यात माझे सगळ्यात जास्त पैसे गेले म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२३ च्या थंडीत गाडी सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घ्यायला लागली, सेल्फ दोन-तीनदा मारावा लागायचा, आयडलला टकटक आवाज, आणि १९ चं अ‍ॅव्हरेज १५ वर आलं. पुण्यात एका गॅरेजला दाखवली. त्यांनी आधी हीटर प्लग बदलले, मग म्हणाले बॅटरी वीक आहे, मग एअरफ्लो सेन्सर. तीन फेऱ्या झाल्या, १४ हजार गेले, सकाळचा त्रास जसाच्या तसा.

शेवटी मिरजेत आमचे जुने मिस्त्री काका आहेत त्यांच्याकडे नेली. त्यांनी काहीच खोललं नाही आधी. चारही नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) रिटर्न पाइपला, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला, चार छोट्या बाटल्या लावल्या, गाडी पाच मिनिटं चालू ठेवली आणि बाटल्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या. दोन बाटल्यांत थोडंसं डिझेल, आणि दोन बाटल्या जवळजवळ भरलेल्या. म्हणजे त्या दोन नोझलमधून डिझेल आत फवारायच्या ऐवजी परत टाकीकडे चाललं होतं, रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर लवकर बनत नव्हतं, म्हणून सकाळी स्टार्टिंगला त्रास. पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर लावून खात्री केली, दोन रिपेअर केले, दोन साफ केले, २० हजारात काम झालं. पहिल्याच दिवशी ही तपासणी केली असती तर आधीचे १४ हजार वाचले असते.

तेव्हा हे लक्षात ठेवा. स्टार्टिंगचा त्रास, मिसिंग, धूर, काहीही असो, आधी स्कॅनर लावा, एरर कोड लिहून घ्या, ही बाटल्यांची रिटर्न टेस्ट करायला सांगा, आणि "हे बदलून बघू" असं कोणी म्हटलं की विचारा, कशावरून? सरळ उत्तर मिळालं नाही तर गाडी तिथून बाहेर काढा. आणि नोझल बदलला किंवा रिपेअर केला की त्याच्यावरचा कोड बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरला भरावा लागतो, तो भरला का ते विचारा, नाहीतर नवा नोझल बसवूनही गाडी थरथरते आणि मग परत सगळं खोलायची वेळ येते. खालचा तांब्याचा वॉशर पण नवाच टाकायला सांगा, जुना परत बसवला तर तिथून गॅस लीक होऊन काजळी जमते आणि पुढच्या वेळी नोझल निघताना तुटतो.

धुराचा रंग पण बघायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) फाटलेला पाइप, चोक झालेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) यापैकी काहीतरी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि तो गाडी गरम झाल्यावरही राहिला तर कुलंटची पातळी बघा, हेड गॅस्केटचं काम असू शकतं.

डिझेल फिल्टरवर पैसे वाचवणं

माझे नोझल खराब का झाले? आधीच्या मालकाने फिल्टर कधी बदलला होता देव जाणे, काकांनी तो काढून ताटात ओतला तर खाली पाण्याचा थर आणि काळा गाळ. कॉमन रेलच्या नोझलमध्ये प्रेशर १००० बारच्या वर जातं आणि भोकं केसाएवढी, त्यात पाणी आणि कचरा गेला की काय होणार. शिवाय पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, वेगळं ऑइल नाही. फिल्टर बाराशे-पंधराशेचा, आणि चारही नोझलचं काम निघालं तर त्याच्या वीसपट. मी दर २० हजाराला बदलतो, आणि पावसाळा संपला की एकदा खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढून टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे.

टाकी रिझर्व्हवर फिरवायची सवय असेल तर सोडा. टाकी रिकामी राहिली की आतल्या हवेतली दमट वाफ थंड होऊन पाणी बनतं आणि तळाचा गाळही वर येतो. आणि चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी लावू सुद्धा नका, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा इंजिन चालू केलं की पेट्रोल पंपात जातं, पंप कोरडा घासला जातो आणि लोखंडाचा बारीक चुरा सगळ्या लाइनमध्ये पसरतो.

ऑइल लांबवणं आणि बेल्ट विसरणं

डिझेलचं ऑइल दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं, ते नॉर्मल आहे, त्यावरून घाबरू नका पण त्याच कारणाने "तसंही काळंच असतं" म्हणून लांबवू पण नका. माझं १.३ लिटरचं इंजिन मूळचं फिएटचं, तेच स्विफ्ट, डिझायर, पुंटो, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत आलं. त्याला टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्वची वेळ जुळवणारी साखळी) आहे, बेल्ट नाही, म्हणून लोक म्हणतात आयुष्यभर बघायला नको. पण त्या चेनचा ताण ऑइलच्या प्रेशरवर असतो, ऑइल जुनं आणि घट्ट झालं की चेन सैल पडते, सकाळी खडखड आवाज येतो. हा आवाज येतोय आणि तुम्ही रेडिओ मोठा करताय असं करू नका. तीन लिटर ऑइल आणि फिल्टर, दर १० हजाराला, मी तर ८ हजारालाच करतो.

उलट डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट आहे. जुनी डस्टर घेत असाल आणि बेल्ट बदलल्याचं बिल मिळालं नाही तर तो बदलायचाच आहे असं धरून किंमत करा, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) आणि वॉटर पंप सोबतच, कारण मजुरी एकदाच लागते. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं.

टर्बोचं थोडक्यात सांगतो. खंबाटकी घाट चढून वर आलात आणि चहाला थांबलात तर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर आयडलला ठेवा. टर्बो मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या मारतो, इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं आणि गरम बेअरिंगवरच जळून चिकटतं.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालणारे अजून भेटतात. नका घालू. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, बास.

लहान लहान फेऱ्या

रोज दोन-तीन किलोमीटर, इंजिन गरम व्हायच्या आत बंद, असं डिझेल गाडीला चालत नाही. ईजीआर काजळीने चोक होतो. आणि तुम्ही जुनी पण बीएस-सिक्स, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची डिझेल घेत असाल तर तिला डीपीएफ असतो, सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी पकडणारा फिल्टर, तो साफ व्हायला गाडी हायवेला बराच वेळ सलग चालावी लागते. शहरातच फिरवली तर डॅशवर दिवा येतो, दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर पिकअप जातो, आणि नवा डीपीएफ घ्यायला गेलात तर जुन्या गाडीच्या मानाने किंमत फार जड पडते. डीपीएफ काढून टाकतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादाला लागू नका, ते बेकायदेशीर आहे आणि त्या धुराचा त्रास आपल्याच गल्लीतल्या पोरांना होतो. तुमचं फिरणं असंच असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या, मनापासून सांगतो.

कागदांचा खर्च न धरणं

विमा. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये आणि १५०० च्या वर गेलं की ७८९७, वर जीएसटी. म्हणजे १५८२ सीसीची जुनी व्हर्ना डिझेल घेतलीत तर माझ्या १२४८ सीसीपेक्षा दरवर्षी साडेचार हजार जास्त, तेही काही न करता. घेताना हे कोणीच सांगत नाही. दुसरं, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो. आणि गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमा पण नावावर करून घ्या. माझ्या मावसभावाने तो तसाच ठेवला, मागून ट्रक लागला आणि स्वतःच्या गाडीचं सगळं काम खिशातून करावं लागलं.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून लगेच भुलू नका. २०१५ मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, तिथे १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेलवर बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या कमी किमतीत बाहेर येतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर, एजंटचे पैसे आणि हेलपाटे हे सगळं बेरजेत घाला, मग आपल्या गावातल्या गाडीशी तुलना करा.

घेण्याआधी नंबर टाकून चलन थकलंय का, बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवीन सुरक्षा नंबरप्लेट लागते, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी, ती बसवलीय का विचारा. आरसीवर बीएस-थ्री आहे की बीएस-फोर ते पण बघा, बीएस-फोरची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी काढावी लागते.

आणि १५ वर्षं. गाडी २०१२ ची असेल तर २०२७ मध्ये आरसीची मुदत संपते हे घेतानाच डोक्यात ठेवा, कारण किंमत त्यावरच करायची असते. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झाली, त्याशिवाय पर्यावरण कर, तपासणीला न्यायची तर टायर, ब्रेक, लाइट, धूर सगळं ठीक करून न्यावं लागतं. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत करता येतो. माझ्या गाडीची तारीख मार्च २०२७ आहे, म्हणून त्या खात्यात या वर्षापासून महिन्याला ३५०० ऐवजी ४५०० टाकतोय, आणि टायर तपासणीच्या आधीच बदलायचे असं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.