‘बीटी’ टाइप केलं, उमटलं ‘बीबीटीटी’

सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर रात्री ऑल्ट-सिसआरक्यू-जी दाबून मी मशीन कर्नल डीबगरमध्ये (चालू कर्नल थांबवून आत बघायची सोय) नेलं. केडीबीचा, म्हणजे त्या डीबगरचा, प्रॉम्प्ट आला आणि कीबोर्ड मुका. दोन दिवस त्यात गेले. कीबोर्ड उलटा करून झटकला (भडंगाचे दाणे तेवढे पडले), रूममेटचा मागून आणला. नंतर कळलं, लिनक्सच्या केडीबीला यूएसबी कीबोर्ड वाचताच येत नाही आणि आमचे दोन्ही यूएसबीचे! त्याला पीएस/२, म्हणजे जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड लागतो. त्यासाठी जुन्या बाजारात हिंडू नका; क्यूईएमयूच्या (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) नेहमीच्या पीसीत तो असतोच.

मग आत शिरताना त्याच कळा कशा चालल्या? तेव्हा नेहमीचा ड्रायव्हर जागा होता. कळ दाबली की इंटरप्ट (हार्डवेअरची प्रोसेसरला हाक) येतो, तो ड्रायव्हरला उठवतो. डीबगरमध्ये इंटरप्ट बंद, म्हणजे उठवणारं कोणी नाही. डीबगरला स्वतःच सारखं डोकावावं लागतं: कीबोर्ड कंट्रोलरच्या हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) ६४ पोर्टचा सगळ्यात खालचा बिट १ असेल, तर ६० वर एक बाइट येऊन थांबलाय. यूएसबीचं काम असं दोन पोर्टांत भागत नाही.

पुढे प्रोजेक्टच्या छोट्या कर्नलमध्ये हे वाचन मी स्वतः लिहिलं. ‘बीटी’ टाइप केलं, उमटलं ‘बीबीटीटी’. कळच दोनदा लागतेय असं समजून डिले घातला. ढिम्म फरक नाही. सीनियर मागून म्हणाला, “आरं लेका, आधी कच्चे बाइट छापून बघ की!”

छापले. टी दाबली की १४, सोडली की ९४. सोडताना त्याच कोडात हेक्स ८० मिळवलेलं असतं. मी तो ८० चा वरचा बिट न तपासताच पुसत होतो, म्हणून सोडलेली कळही दाबल्यासारखी दिसायची. एका ओळीचं काम होतं. माउस हलला की भलतीच अक्षरं यायची, कारण त्याचेही बाइट ६० वरच येतात. ६४ वर हेक्स २० चा बिट दिसला की बाइट वाचून टाकून द्यायचा.

खरा छळ बाहेर पडताना झाला. ऑल्ट दाबल्याचं कर्नलनं पाहिलेलं, सोडल्याचा कोड मात्र डीबगरनं गिळलेला. ‘गो’ म्हणून बाहेर आलो, तरी कर्नलच्या लेखी ऑल्ट दाबलेलाच. लिनक्समध्ये बाहेर पडताना कीबोर्ड रीसेट करून हे निस्तरलंय; केजीडीबीओसीच्या (डीबगरला कीबोर्ड किंवा सिरियल पोर्ट जोडून देणारा ड्रायव्हर) फाइलमध्ये तो कोड जरूर वाचा, छोटाच आहे.

आणि बूटच्या ओळीत केजीडीबीओसीला ‘केबीडी’सोबत सिरियल पोर्टही द्या. मी दिला नव्हता. त्या दोन दिवसांत डीबगरमधून बाहेर यायला माझ्याकडे एकच वाट होती, पॉवरचं बटण.