शिवणाच्या टेपने पोट मोजताना

ब्लाउजच्या मागच्या गळ्याचं माप घेताना मानेवर काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी दिसली की मी हळूच विचारते, "ताई, शुगर तपासली का?" उत्तर ठरलेलं: "मळ आहे गं, घासून जातच नाही." तो मळ नसतो. बहुतेकदा रक्तात इन्सुलिन जास्त झालेलं असतं. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. घासणी ठेवा, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, करून घ्या.

टेप लावायची ती परकराची नाडी सोडून, उघड्या अंगावर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. श्वास सोडा, मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका. माझ्याकडे सगळ्या ओढतात आणि मग ड्रेस तंग झाला म्हणून मलाच बोलतात. बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषांना ९०. त्यापुढे गेलं तर काटा काहीही सांगो, डॉक्टरांना दाखवा. मधुमेहावर संशोधन करणारे दोन डॉक्टर, पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१!

आता दुसरं टोक. माझ्या भाचीचा कुर्ता चार महिन्यांत दोनदा आत घ्यावा लागला. दुपारी काकडी, रात्री काहीच नाही. मे महिन्यात तिला स्वेटर लागायचा, केस गळायचे. पाळीचं विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मावशी, तीन महिने नाही आली." चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं. चरबी आटली की तेही आटतं, मेंदू दुष्काळ समजतो, अंडाशयाला जाणारा निरोप थांबवतो आणि अंगात ऊब ठेवणारं थायरॉईडचं टी-३ संप्रेरक उतरवतो. म्हणून थंडी. अशा वेळी थायरॉईडची गोळी मनाने घ्यायची नाही. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टर गाठायचे, आणि ताटात भात-वरण-तूप परत आणायचं.

जाड माणसात लेप्टिन भरपूर असतं, पण त्याचा ‘पुरे’ हा निरोप मेंदू ऐकत नाही. म्हणून उपास करून भांडू नका. वजन झपाट्याने उतरवलं की घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं आणि भूक दुप्पट होऊन येते. ऐंशी किलोच्या बाईने चार-पाच किलो सावकाश उतरवले तरी साखरेत फरक दिसतो.

भाचीचा कुर्ता आत घेताना मी कापड कापलं नव्हतं, दोन्ही बाजूंना दीड इंच माया ठेवली होती. दिवाळीत एक शिवण उसवली.