थंडीआधी गाडीची बॅटरी आणि काच बघून घ्या

दिवाळी सरली की नाशिक-निफाड पट्ट्यात पहाटेचा पारा भराभर उतरतो, आणि एखाद्या सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टिक टिक’. खरं तर बॅटरीचं आयुष्य उन्हाळ्यानेच खाल्लेलं असतं, गारठा फक्त ते उघडं पाडतो. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी आत्ताच तपासून घ्या. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीच्या वायर जोडायच्या टोकांवर, पांढरट-हिरवी खरपुडी जमली असेल तर आधी निगेटिव्हची वायर सोडवा, मग पॉझिटिव्हची, आणि कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. माझ्या गाडीचं दुखणं गेल्या वर्षी एवढ्यावरच भागलं.

टायरची हवा सकाळी, गाडी पळवण्याआधीच बघा. तापमान साधारण ६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो.

धुक्यात काच आतून धुरकटली की बरेच जण फडक्याने पुसत बसतात. त्यापेक्षा एसी लावा. हो, थंडीतही! तो आतल्या हवेतला ओलावा ओढून घेतो. नॉब गरम बाजूला, झोत काचेवर, बाहेरची हवा चालू. काचेवर आतून तेलकट थर असेल तर तो आधी काढा. आणि पावसाळाभर ओल धरून बसलेली मॅट्स? ती दोन दिवस कडक उन्हात टाका. बरीच वाफ तिथूनच येते.