पहिली पक्की पाच मिनिटं: मराठी स्टँड-अप लिहिताना आणि घासताना

पुण्या-मुंबईच्या ओपन माइकवर, म्हणजे कोणालाही मंच मिळतो अशा कार्यक्रमात, नव्या माणसाला बहुधा चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो. मिनिटभर उरलं की मागून कोणीतरी मोबाईलचा टॉर्च दाखवतं. त्याला ‘लाइट’ म्हणतात. लाइट दिसल्यावर नवा बिट, म्हणजे एका मुद्द्यावरचा विनोदाचा तुकडा, सुरू करायचा नाही आणि वेळ ओलांडायची नाही. पुढचा स्पॉट देताना आयोजकांच्या लक्षात आधी तेच राहिलेलं असतं. बोलकी मराठी मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्दांनी जाते. हशा आणि थांबे धरले तर पाच मिनिटांना 450 शब्द पुरतात. पहिल्यांदा लिहिणारे याच्या दुप्पट मजकूर घेऊन येतात, तो बसवायला भराभर बोलतात आणि लोकांना हसायला जागाच उरत नाही.

विषय आणि प्रिमाइस या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘लग्न’, ‘ट्रॅफिक’, ‘आई’ हे विषय झाले. त्या विषयाबद्दल तुमचं एका वाक्यातलं म्हणणं म्हणजे प्रिमाइस. त्यात राग, भीती, लाज किंवा नवल असावं लागतं. तपासायची पद्धत सोपी आहे: विनोद न करता ते वाक्य दोघा-तिघांना सांगायचं. ‘अरे हो की!’ किंवा ‘म्हणजे कसं?’ असं आलं तर पुढे लिहा. नुसतं ‘हं’ आलं तर दुसरं वाक्य शोधा. मजकूर पडतो तेव्हा बहुतेक वेळा पंच (हशा आणणारी शेवटची ओळ) वाईट नसतो, प्रिमाइसच सपाट असतो. आणि पंच घासून सपाट प्रिमाइस सुधारत नाही.

एक बिट घेऊन बघू. प्रिमाइस असा: शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, या नियमातून कधीच सुटका होत नाही. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

‘मित्रांनो, आमच्या घरी एक पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल, की शेजारच्यांकडून काही पदार्थ आला की त्यांचा डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यात काहीतरी घालूनच द्यायचा असतो. त्यामुळे झालंय काय, की आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरात एकच डबा गेली कित्येक वर्षं इकडून तिकडे फिरत राहिलेला आहे.’

पंचेचाळीसच्या आसपास शब्द आणि हशा एकच, तोही कदाचित. आता कापू. ‘मित्रांनो’ आणि ‘एक पद्धत आहे’ पहिले जातील. ‘तुमच्याकडेही असेल’ सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या ओट्यावर कुणाचा तरी डबा पडलेलाच असतो. ‘काही पदार्थ’ऐवजी नेमका पदार्थ, ‘कित्येक वर्षं’ऐवजी नेमकं साल:

‘शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. 2014 साली काकूंनी चकल्या दिल्या. अजून फिटतायत.’

सेटअप, म्हणजे पंचआधीची तयारी, दोन वाक्यांचा; पंच दोन शब्दांचा. पंचनंतर त्याच सेटअपवर चढवलेल्या पुढच्या हशाला टॅग म्हणतात. टॅगला नवा सेटअप लागत नाही, म्हणून मिनिटाला सर्वात जास्त हशे त्यातूनच मिळतात. एका चांगल्या पंचमागे किमान पाच टॅग लिहा आणि दोन ठेवा. इथे प्रश्न असा विचारायचा: हा नियम कशाने मोडू शकतो? भांडणाने? घर बदलल्याने? मग:

‘मधे आईचं आणि काकूंचं भांडण झालं. बोलणं बंद. डबा चालू.’

‘काकू बोरिवलीला गेल्या. आता डबा कुरियरने जातो. दीडशे रुपये. आत शेंगदाण्याची चटणी.’

मराठीत लिहिणाऱ्याने सर्वात जास्त वेळ ज्यावर घालवावा असं मला वाटतं, ती गोष्ट इथे दिसते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. हशा जिथे फुटायचा तो शब्द बहुधा त्याच्या आधी असतो, आणि मग ‘होता’, ‘राहिला’, ‘असतं ना’ अशी शेपटी उरते. ‘बोलणं बंद झालं, पण डबा मात्र चालूच राहिलेला होता’ हे व्याकरणाने बिनचूक आहे. पण हशा ‘चालू’वर फुटायला लागतो आणि ‘राहिलेला होता’ त्याच्यावर पडून तो दाबतं. लोक ऐकण्यासाठी थांबतात, आणि अर्ध्यावर थांबलेला हशा परत येत नाही. उपाय तीन. क्रियापद गाळा, मराठी ते खुशाल चालवून घेते. किंवा वाक्य प्रश्न-उत्तरात तोडा: ‘आत शेंगदाण्याची चटणी होती’ याऐवजी ‘आत काय? शेंगदाण्याची चटणी.’ किंवा आश्चर्यच क्रियापदात ठेवा, म्हणजे शेवटचा शब्दच काम करतो. ‘अजून फिटतायत’मध्ये तेच झालंय.

याची दुसरी बाजू आवाजाची. आपण वाक्याच्या अखेरीला आवाज खाली सोडतो आणि शेवटचं अक्षर गिळतो. घरात चालतं, माइकवर पंचच ऐकू जात नाही. प्रत्येक पंचमधला शेवटचा शब्द वहीत अधोरेखित करा आणि सरावात तो पूर्ण, वरच्या आवाजात म्हणा. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर.

लिहायचं ते बोलता बोलता लिहा. कागदावर ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘यांच्याकडून’ आपोआप येतात. तोंडात ‘मग’, ‘पण’ आणि ‘तिनं’ असतात. तुमच्या घरची बोली वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी जी असेल ती ठेवा. दुसऱ्याच्या बोलीचा हेल काढून मिळालेला हशा मात्र उचलू नका. त्यात तुमचं काहीच नसतं आणि त्या भागात प्रयोग लागला की तो बिट टाकूनच द्यावा लागतो.

आता मंचावरचं काम. प्रत्येक स्पॉट मोबाईलवर रेकॉर्ड करा. केवळ आवाज पुरतो. दोन दिवसांच्या आत ऐका आणि जे प्रत्यक्ष बोललात ते शब्दशः उतरवा. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही. उतरवताना कळतं की मूळ ओळीत नसलेला एखादा शब्द तोंडून गेला आणि हशा तिथेच आला. समासात प्रत्येक हशासमोर आकडा लिहा: 0 शांतता, 1 एक-दोन टेबलं, 2 बहुतेक खोली, 3 टाळी. पहिल्या शब्दापासून पहिल्या हशापर्यंत किती सेकंद गेले तेही मोजा. वीसच्या वर गेले असतील तर सुरुवात कापा. एकूण सेटमध्ये, म्हणजे स्पॉटभर केलेल्या सगळ्या मजकुरात, मिनिटाला चार हशे म्हणजे ठीक चाललंय.

एका वेळी एकच गोष्ट बदला. शब्दही बदलला, क्रमही बदलला आणि नवा टॅगही घातला, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एका रात्रीच्या शांततेवरून बिट फेकू नका. ओपन माइकवर समोर बसलेले निम्मे लोक स्वतःच्या स्पॉटची वाट बघत मनात ओळी घोकत असतात. उलट, इतर कॉमेडियनना आवडलेली विचित्र ओळ तिकीट काढून आलेल्या कुटुंबासमोर शांत जाऊ शकते. तीन ते पाच वेगवेगळ्या खोल्यांत बघा, मग ठरवा.

नोंदींसाठी एक तक्ता ठेवा, वहीत किंवा स्प्रेडशीटवर. बिटचं दोन शब्दांचं नाव (‘काकूंचा डबा’), लांबी सेकंदांत, अवस्था (कच्चा, शिजतोय, पक्का), कुठे कधी केला, आकडा. पाचपैकी चार खोल्यांत बहुतेक ओळींना 2 मिळाले तरच ‘पक्का’ म्हणा. मंचावर जाताना खिशात फक्त नावांची यादी असावी. पूर्ण वाक्यं वाचायची सोय ठेवली की डोळे कागदावर जातात आणि लोक सुटतात.

पाच मिनिटांत तीनच बिट. सर्वात मजबूत शेवटी, दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवातीला, कच्चा मधे. मधला पडला तरी शेवटचा सावरून घेतो. बिटांमध्ये ‘आता दुसरा विषय’ किंवा ओढूनताणून जोडलेलं वाक्य नको. हशा ओसरायला लागला की सरळ पुढचं पहिलं वाक्य. पूर्ण ओसरू द्यायचा नाही, तो पाऊण खाली आला की बोलायचं.

सेट जोडलेला वाटतो तो कॉलबॅकमुळे, म्हणजे आधीच्या बिटमधली गोष्ट पुढे पुन्हा आणल्यामुळे. डब्याचा बिट पहिला असेल आणि शेवटचा लग्नावर असेल, तर: ‘सासूबाई पहिल्यांदा घरी आल्या. हातात डबा. आई मला आत घेऊन गेली. म्हणाली, “आता घटस्फोट नाही.”’ इथे डब्याचा नियम पुन्हा सांगितला की कॉलबॅक मेला. तो नियम लोकांनी स्वतः आठवायचा असतो आणि हशा त्या आठवण्याचाच असतो. मधे किमान दीड-दोन मिनिटं जाऊ द्यात. मात्र पहिला बिट त्या रात्री पडला असेल तर कॉलबॅक गाळा, म्हणजे दुसरा शेवट हाताशी हवा.

गाव बदललं की संदर्भ तपासा. ‘बोरिवली’ मुंबईत काम करतं कारण अंतर लोकांना माहीत आहे. कोल्हापुरात तिथलं लांबचं उपनगर शोधा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे समोर असतात. तिथे चकल्या चालतात, पुण्यातल्या एखाद्या चौकाचं नाव कित्येकांसाठी जुनं झालेलं असतं.

दुसऱ्याची ओळ घेऊ नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे. पण खोलीतल्या लोकांना कलम लागत नाही, चोरी लगेच कळते आणि नाव राहतं. डब्यावर आणखी कोणी बोलत असेल तर हरकत नाही, त्याचा निष्कर्ष आणि शब्द तुमच्यात नकोत. खऱ्या माणसाचं नाव घेऊन आरोप करणाऱ्या ओळी वकिलाला दाखवल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे.

आणि पक्का झालेला बिट लगेच यूट्यूबवर चढवू नका. व्हिडिओ बघून आलेल्या प्रेक्षकाला पंच आधीच माहीत असतो, मग तो ओळखीने मान हलवतो आणि हसत नाही. हाताशी वीस मिनिटं पक्की होईपर्यंत प्रेक्षकांशी झालेल्या गप्पांचे तुकडे टाका, लिहिलेला मजकूर राखून ठेवा. तक्त्यात ‘टाकला’ असा एक रकाना हवा, तारखेसकट, म्हणजे पुढच्या आयोजकाने नवा मजकूर मागितला की काय उरलंय ते एका नजरेत दिसतं.