सफेद मुसळीवरील करपा : आयसोलेटची तुलना करण्याआधी एक बीजाणू वेगळा काढा

ठाण्यात एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी सफेद मुसळीच्या पानांवरील करपा हा विषय घेतला, त्यामागे थोडी आपुलकीही होती, कारण क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम या शास्त्रीय नावातच आपली बोरिवली आहे. मुरबाड आणि शहापूरकडच्या वाफ्यांतून मी बारा आयसोलेट, म्हणजे रोगट पानांतून वेगळे काढलेले बुरशीचे नमुने, मिळवले. पानांचे तुकडे निर्जंतुक करून पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर) ठेवणे तुम्हाला येतच असेल, म्हणून थेट माझ्या चुकीकडे वळते.

पानाच्या तुकड्यातून बाहेर आलेल्या बुरशीची कड उचलून नव्या प्लेटवर ठेवली की आपण तिला शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच बुरशीची वाढ, म्हणू लागतो; ती शुद्ध असेलच असे नाही. माझा चौथा आयसोलेट एका प्लेटवर पांढरा, कापसासारखा वाढे आणि दुसरीवर राखाडी, आणि ही विविधता समजून मी पाच महिने तक्ते भरत राहिले. सहामाही सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी एवढेच विचारले, "हे एका बीजाणूपासून वाढवलेले आहे ना?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्या कॉलनीच्या मध्यातून आणि तीन कडांवरून स्लाइड केल्या. मध्यभागी चंद्रकोरीसारखे वाकलेले बीजाणू आणि ताठ काळे केस दिसले. एका कडेला मात्र बीजाणू सरळ आणि टोकांना गोलसर होते. एकाच लेबलखाली कोलेटोट्रायकम या करपा घडवणाऱ्या बुरशीचे दोन निराळे प्रकार नांदत होते, आणि तोवर मी प्रत्येक आयसोलेटची एकच स्लाइड पाहिलेली होती.

म्हणून पहिले मोजमाप घेण्याआधीच हे करा. बीजाणू निर्जंतुक पाण्यात मिसळून द्रावण इतके विरळ करा की थेंबात मोजकेच बीजाणू दिसतील. ते 2 टक्के वॉटर अगारवर (फक्त पाणी आणि अगार असलेल्या माध्यमावर) पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी कमी शक्तीच्या भिंगाखाली नुकता अंकुरलेला, शेजारी दुसरे कोणी नसलेला एक बीजाणू शोधा, प्लेटच्या तळाला मार्करने खूण करा आणि अगारच्या इवल्याशा तुकड्यासह तो सुईने उचला. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. दहा प्रयत्नांत तीन जमले. तुमचेही तसेच होईल आणि आठवड्याभरात हात बसेल, याची मला खात्री आहे.

जुने तक्ते मला टाकून द्यावे लागले. सुदैवाने मूळ स्लँट (तिरप्या माध्यमावर कल्चर जपलेल्या परीक्षानळ्या) 4 अंशांवर जपून ठेवले होते, त्यांतून बहुतेक आयसोलेट पुन्हा वेगळे करता आले. ते नसते तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागली असती, कारण पावसाळा सरला की मुसळीची पाने वाळतात आणि जमिनीखाली फक्त मुळे उरतात. पहिल्या पिढीचे स्लँट कधीही टाकू नका. वारंवार नव्या प्लेटवर नेलेली बुरशी बीजाणू देणे कमी करते, रोगकारकताही गमावू शकते, आणि मग दोन आयसोलेटमधील फरक त्यांचा मूळचा की कल्चरच्या वयाचा, हे सांगता येत नाही. तुलना करताना माध्यम एकाच दिवशी ओता, 5 मिलिमीटरचा तुकडा सात दिवसांच्या कॉलनीच्या वाढत्या कडेचाच घ्या.

"आयटीएस क्रम पाठवा, नाव कळेल" हा सल्ला तुम्हाला मिळेल; आयटीएस म्हणजे बुरशी ओळखण्यासाठी वाचला जाणारा डीएनएचा एक ठराविक भाग. माझ्या मते नवख्यांचा सर्वाधिक वेळ याच पळवाटेने वाया जातो. कोलेटोट्रायकममध्ये केवळ आयटीएसवरून जवळच्या प्रजाती वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यासाठी अ‍ॅक्टिन, बीटा-ट्युब्युलिन, जीएपीडीएच यांसारखी जनुकेही पाहावी लागतात. आणि मिश्र कल्चरचा डीएनए पाठवला तर येणारा क्रम नेमका कोणाचा, हेच कळत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध किती, यापेक्षा ते तुमची प्लेट उजेडात धरून पाहतात का, हे मी आधी विचारेन. माझे मार्गदर्शक भले होते, पण त्यांनी पाच महिन्यांत एकही प्लेट पाहिली नाही, आणि मीही नेऊन दाखवली नाही.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आणखी एक दक्षता घ्या. प्लेटमध्ये ठिपक्यांची वाकडी रेघ उमटली, तर ती बहुधा माइट्सच्या (कोळ्यांच्या वर्गातील सूक्ष्म जिवांच्या) पावलांची असते, आणि ते एका आयसोलेटचे बीजाणू दुसऱ्यात नेतात. अशी प्लेट न उघडता ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा), शेजारच्या प्लेटही तपासा, आणि त्या आयसोलेटचे काम मूळ स्लँटपासून, पुन्हा एका बीजाणूपासून सुरू करा.