कांदळातला योद्धा घडवताना

वनस्पतीरूपी योद्ध्याची १५ सेंमीची फिगर (हलत्या सांध्यांची छोटी मूर्ती) करणार असाल तर आधी ओहोटीला खाडीकाठी जाऊन कांदळाची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, मुळं नीट बघा. खोडातून कमानीसारखी उतरणारी ती मुळं म्हणजे तयार पायच! तीन मुळं फाकवून टेकवली की वेगळा स्टँड लागत नाही. झाडावरच रुजून लोंबणारी, टोकाला निमुळती लांब शेंग हा त्याचा भाला.

सांगाड्याला दीड मिमी अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळा, वर इपॉक्सी पुट्टीचे (मळल्यावर कडक होणाऱ्या लगद्याचे) दोन्ही घटक समान भागांत मळून पातळ थरांत चढवा. खांद्यात बॉल जॉइंट (खोबणीत फिरणारा गोल सांधा) असेल तर पानं दंडालाच चिकटवा. धडावर लावलेली पानं हात फिरवताना अडकून तुटतात. भर पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा फवाऱ्याचा अस्तर-थर) टाळा, दमट हवेत पांढरट झाक येते.